फाइन आर्ट्सच्या मुलीसाठी लॅपटॉप: आधी पेन, मग प्रोसेसर

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मुलीला बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सला, अप्लाइड आर्ट्समध्ये प्रवेश मिळालाय. दांडिया बाजारातून ॲक्टिव्हावर ये-जा करणार, म्हणून लॅपटॉप लहान आणि हलका हवा. त्यावर ती चित्रं काढणार, व्हिडिओ बघणार, आपल्या कामाच्या छोट्या क्लिप कापून-जोडून टाकणार, आणि रात्री पुण्याच्या मावसभावाबरोबर व्हॅलोरंट नाहीतर माइनक्राफ्ट खेळणार. सगळं मिळून बजेट ६५,००० रुपये. सयाजीगंजमध्ये एकाने १५.६ इंची गेमिंग लॅपटॉप दाखवला, दुसऱ्याने स्क्रीन पूर्ण मागे वळणारा टचस्क्रीनवाला. दोघांचंही पालुपद एकच: ‘यावर सगळं चालतं.’

चालतं खरं. पण कसं चालतं, ते तिला चार वर्षं रोज बघायचंय.

मी लॅपटॉप दुरुस्त करतो, आणि कॉलेज सुरू झालं की फाइन आर्ट्सची पोरं मशीन सेट करून घ्यायला येतात. ‘लॅपटॉप स्लो आहे’ ही तक्रार त्यांच्याकडून फार येत नाही. ‘रेघ थरथरते’, ‘माझ्या स्क्रीनवर रंग बरोबर होता, सरांच्या फोनवर भडक दिसला’, ‘पेन घेतलं पण लागतच नाही’, अशा येतात. यातली एकही गोष्ट दुकानातल्या स्टिकरवर लिहिलेली नसते. म्हणून खरेदीची सुरुवात प्रोसेसरपासून करू नका. मुलीचा हात चित्र कुठे काढणार, थेट स्क्रीनवर की बाजूला ठेवलेल्या पाटीवर (पेन टॅब्लेटवर), हे आधी ठरवा. बाकीचं त्यावरून ठरेल.

थेट स्क्रीनवर काढायचं तर एक गैरसमज आधी दूर करायला हवा. टचस्क्रीन आहे म्हणजे पेन चालेल असं नाही. बोटाला दाद देणाऱ्या कुठल्याही काचेवर रबरी टोकाचं दोनशे रुपयांचं पेन चालतं, पण ते म्हणजे काडीला लावलेलं बोट. दाबलं तर रेघ जाड, हलकं धरलं तर बारीक, हे त्याला कळत नाही. दाब कळायला स्क्रीनमध्ये पेनासाठी वेगळी सोय लागते, आणि ती कंपनीगणिक वेगळी. मायक्रोसॉफ्टची एमपीपी, वॅकॉमची एईएस, शिवाय यूएसआय. एकाचं पेन दुसऱ्याच्या स्क्रीनवर लागेलच असं नाही. बांबू इंकसारखी काही पेनं दोन पद्धती ओळखतात, पण गृहीत धरू नका. मॉडेलच्या माहितीपत्रकात कोणती पद्धत लिहिली आहे ते बघा. काहीच लिहिलेलं नसेल तर पेन चालत नाही असंच समजा.

या सगळ्यांत मला आवडते ती वॅकॉमची जुनी ईएमआर पद्धत. स्क्रीनच्या मागे एक थर असतो, तो चुंबकीय क्षेत्र सोडतो आणि पेनातली तारेची वेटोळी त्यावरच चालते. म्हणजे पेनात बॅटरी नाही, चार्जिंग नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी बुकच्या ३६० मॉडेलांत हेच एस पेन असतं. पण ती मॉडेलं तुमच्या बजेटात नवी मिळणं कठीण. ६५,००० च्या आसपास मिळणाऱ्या वळत्या स्क्रीनच्या लॅपटॉपांत बहुतेक एमपीपी किंवा एईएस असतं, पेन बऱ्याचदा वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि पैसे वाचवायला कंपनीने नेमका स्क्रीनच्या दर्जाला हात घातलेला असतो.

तरी मुलीचा जीव त्यातच अडकला असेल तर दुकानात एक परीक्षा घ्या. १५ सेंटीमीटरची प्लास्टिकची पट्टी बरोबर न्या. लॅपटॉपवर पेंट किंवा क्रिता (चित्र काढायचं मोफत सॉफ्टवेअर) उघडायला सांगा, पट्टी स्क्रीनवर तिरपी ठेवा, आणि पेन तिच्या कडेने अगदी सावकाश, जवळजवळ न दाबता ओढा. भराभर ओढलेली रेघ कुठल्याही पेनाने सरळच येते, विक्रेता दाखवताना तशीच ओढतो. सावकाश ओढली की खरं रूप दिसतं: चांगल्या स्क्रीनवर रेघ पट्टीला धरून राहते, वाईटावर ती सापासारखी वळवळत जाते, आणि वळवळीतलं अंतर साधारण सारखं असतं, कारण ते काचेखालच्या सेन्सरच्या जाळीचं अंतर असतं. अप्लाइडला अक्षरलेखन आहे, बारीक आउटलाइन आहे. असली रेघ घेऊन ती काय करणार? सॉफ्टवेअरमध्ये ‘स्टॅबिलायझर’ लावून वळवळ झाकता येते, पण मग रेघ हाताच्या मागे रेंगाळते.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी बघून घ्या. चारही कोपऱ्यांत एकेक ठिपका द्या. पेनाचं टोक आणि ठिपका यांत फट पडत असेल तर काच आणि पडदा यांत अंतर जास्त आहे. आणि तळहात नेहमीसारखा टेकवून काढायला सांगा. हाताखाली भलत्या रेघा उमटल्या तर ते मॉडेल सोडा. हे सगळं मुलीच्या हातून करून घ्या, तुमच्या किंवा विक्रेत्याच्या नाही. दुकानदार थोडा वैतागेल, वैतागू दे.

आता माझं स्पष्ट मत. या बजेटात वळता लॅपटॉप घेऊ नका. साधा, चांगल्या स्क्रीनचा १४ इंची लॅपटॉप घ्या आणि शेजारी बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट घ्या, म्हणजे ती काळी पाटी जिच्यावर हात चालतो आणि नजर समोरच्या पडद्यावर असते. वन बाय वॅकॉम किंवा ह्युइऑनची साधी मॉडेलं यात येतात. वॅकॉमच्या या पाटीचं पेन बॅटरीशिवाय चालतं, रेघ स्वच्छ येते, आणि उद्या लॅपटॉप बदलला तरी पाटी तीच राहते. वळत्या लॅपटॉपमध्ये पेनाची सोय बिघडली की अख्खा डिस्प्ले बदलायचा, आणि त्याचा खर्च ऐकून लोक माझ्या टेबलासमोरच खुर्ची ओढून बसतात.

पाटीवर काढताना पहिले काही दिवस हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे होतात, मुलगी चिडेल. चिडू द्या, बसतो हात. मध्यम आकाराची घ्या. वन बाय वॅकॉमच्या लहान पाटीचा चालता भाग १५२ बाय ९५ मिलिमीटर असतो, मध्यमचा २१६ बाय १३५. लहानीवर नुसतं मनगट चालतं, मध्यमवर कोपरापासून हात फिरतो. कागदावर शिकलेल्या मुलांना हा फरक लगेच जाणवतो. १४ इंची लॅपटॉपच्या बॅगेत मध्यम पाटी बसते. दाबाच्या पातळ्या २०४८ की ८१९२, यावर एक रुपयाही जास्त घालवू नका; हाताला तो फरक कळत नाही.

पाटी आली की एकाच कंपनीचा ड्रायव्हर ठेवा. आधी दुसऱ्या कंपनीचा टाकलेला असेल तर तो पूर्ण काढून टाका, दोन ड्रायव्हर एकमेकांचे पाय ओढतात. पेन दाबून धरलं की गोल चक्र येऊन राइट-क्लिक होतं, ते विंडोजच्या पेनच्या सेटिंगमधून बंद करा. दाब लागत नसेल तर क्रिताच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत, एक चालत नसेल तर दुसरा निवडा. माझ्याकडे ‘खराब’ म्हणून येणाऱ्या पाट्यांचं बहुतेक निदान इथेच आटोपतं.

हात पाटीवर गेला म्हणजे स्क्रीनवर टच नको, वळणं नको, आणि सगळा जोर रंगांवर लावता येतो. स्वस्त लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. एनटीएससी हे रंगांचं जुनं माप; एसआरजीबी या आजच्या नेहमीच्या मापात तो पडदा साधारण ६०-६५ टक्केच रंग दाखवतो. अशा पडद्यावर कुंकवाचा लाल फिकट, नारिंगीकडे झुकलेला दिसतो. मग मुलगी तो लाल वाढवत जाते, तिला बरोबर वाटेपर्यंत. तेच चित्र फोनच्या चांगल्या पडद्यावर उघडलं की लाल डोळ्यांत घुसतो. चूक तिच्या नजरेची नसते. माहितीपत्रकात ‘१०० टक्के एसआरजीबी’ असे शब्द हवेत. पडदा आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा), उजेड निदान ३०० निट्स, शक्यतो १९२० बाय १२००, कारण १६:१० च्या पडद्यात उभ्या चित्राला थोडी जास्त जागा मिळते. ओलेड या दुसऱ्या जातीच्या पडद्याचे रंग देखणे असतात, पण उजेड कमी केला की काही ओलेड पडदे बारीक लुकलुकतात आणि काही जणांचं डोकं दुखतं. घेणार असाल तर दुकानात उजेड कमी करून थोडा वेळ वाचून बघायला सांगा.

आता रॅम. १६ जीबीच्या खाली येऊ नका. ए-थ्री आकाराचं चित्र ३०० डीपीआयला म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, एक भरलेला लेयर (चित्राचा एक थर) जवळजवळ ७० एमबी. अप्लाइडची मुलं चाळीस लेयर सहज करतात, म्हणजे एकट्या फाइलचे पावणेतीन जीबी. त्यावर अन्डूचा साठा, संदर्भचित्रांनी भरलेला ब्राउझर आणि खुद्द विंडोज. शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्ससुद्धा याच रॅममधून वाटा उचलतं. ८ जीबीमध्ये जीव गुदमरतो.

रॅम किती, इतकीच ती कशी लावली आहे हीही गोष्ट महत्त्वाची, आणि इथे तुमच्या मुलीच्या गेमचा संबंध येतो. डीडीआर-४ ३२०० या जातीच्या रॅमची एकच पट्टी लावली तर सेकंदाला २५.६ जीबी माहिती ये-जा करते, दोन लावल्या तर ५१.२. चिपमधल्याच ग्राफिक्सला हा वेग फार लागतो. इंटेलचं आयरिस एक्सई ग्राफिक्स तर एकाच पट्टीवर स्वतःचं नावसुद्धा सोडतं, विंडोजमध्ये नुसतं ‘यूएचडी ग्राफिक्स’ म्हणून दिसतं. मशीन तेच, खेळ तोच, पण सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम चांगल्याच घसरतात. दुकानात टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत ते बघा. ८ जीबी बोर्डावर डकवलेली आणि एक स्लॉट मोकळा असेल तर तिथे आणखी ८ जीबी टाकून घ्या. सगळीच डकवलेली असेल तर घेतानाच १६ घ्या, नंतर माझ्यासारखाही काही करू शकत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, तेव्हा ‘पुढे वाढवू’ हा बेत स्वस्तात पडेल असं धरून चालू नका.

प्रोसेसरमध्ये इंटेलचा आय-५ १२३५यू किंवा १३३५यू, नाहीतर कोअर ५ १२०यू पुरेसा आहे. कोअर अल्ट्रा ५ १२५एच बजेटात बसला तर उत्तम, त्यातलं आर्क ग्राफिक्स गेमला बरंच पुढचं आहे. एएमडीत मात्र आकड्यांनी फसायला होतं. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी ठेवले तर दहाचाच फरक वाटतो. पण या मालिकेत पहिला ७ फक्त विक्रीचं साल सांगतो, आतली रचना तिसऱ्या अंकात असते. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ही २०१९ ची रचना. त्यात ग्राफिक्सचे दोनच गट आहेत. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३, आणि ग्राफिक्सचे सात गट. ७५२०यू वाला लॅपटॉप स्वस्त मिळतो, ऑफिसच्या कामाला ठीकही आहे, पण तुमच्या मुलीला नको. ७५३५ मध्ये ग्राफिक्स आणखी नव्या धर्तीचं आहे, तो मिळाला तर ७५३०पेक्षा तो घ्या. स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप बॅटरीला फार छान, पण बऱ्याच विंडोज गेमचं त्यांच्याशी जमत नाही, आणि व्हॅलोरंट हवं असेल तर तो रस्ता बंदच समजा. मॅकवरही व्हॅलोरंट नाही.

वर सांगितलेल्या आयरिस एक्सईवर, दोन पट्ट्या लावून आणि सेटिंग खाली ठेवून, व्हॅलोरंट फुल एचडीमध्ये ६० फ्रेमच्या वर चालतं. माइनक्राफ्ट चालतं, फक्त त्यात शेडर (उजेड-सावली खुलवणारी जड भर) टाकायचा हट्ट नको. मावसभावाला रात्री हरवायला एवढं पुष्कळ झालं. खेळण्यासाठी एक वायरवाला माउस घ्या, टचपॅडवर व्हॅलोरंट म्हणजे शिक्षा आहे.

मग गेमिंग लॅपटॉप का नको? वजन सव्वादोन-अडीच किलो, वर जाडजूड अडॅप्टर, बॅटरी वर्गात दुपार गाठत नाही, आणि या किमतीच्या गेमिंग लॅपटॉपांत पुष्कळदा तोच ४५ टक्केवाला पडदा असतो, कारण पैसे ग्राफिक्स कार्डात गेलेले असतात. अपवाद एकच: तिला ब्लेंडरमध्ये थ्री-डी करायचं पक्कं असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि मग वजन सोसावं लागतं. पहिल्या वर्षाला हे बहुतेकांना माहीतच नसतं.

व्हिडिओची काळजी करू नका. बघायला वरचे सगळे प्रोसेसर पुरून उरतात, फोनवरच्या फुल एचडी क्लिप शॉटकट किंवा केडेनलाइव्ह या मोफत एडिटरमध्ये आरामात जुळतात. डाविंची रिझॉल्व्ह मोफत मिळतं म्हणून लगेच टाकू नका, त्याला दमदार ग्राफिक्स लागतं. चित्र काढतानाचा टाइमलॅप्स हवा असेल तर क्रितात ५.० आवृत्तीपासून रेकॉर्डर आतच आहे, वेगळं काही लागत नाही.

बॅटरीचे तास जाहिरातीतले वाचू नका, वॉट-तास वाचा. चित्र काढताना असा लॅपटॉप साधारण ८ ते १० वॉट खातो. ४२ वॉट-तासांची बॅटरी असेल तर चार-पाच तास, ६० ची असेल तर सहा-सात. गेम खेळताना हेच २५-३० वॉटवर जातं, म्हणून खेळ चार्जर लावूनच. चार्जिंग टाइप-सीवरून होणारं घ्या. त्या टाइप-सी पोर्टमधून डिस्प्लेही जातो का, हेही विचारा. पुढे कधी स्क्रीनवाला टॅब्लेट घ्यायचा झाला तर उपयोगी पडेल. साठवणीला एसएसडी ५१२ जीबी, त्याजागी ईएमएमसी (त्याहून संथ, स्वस्त साठवण) लिहिलेलं असेल तर हात जोडा. वजन दीड किलोच्या आत.

आपल्या गावची एक गोष्ट कंपन्यांच्या हिशोबात नसते. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि बडोद्याचा मे महिना चाळिशी ओलांडतो. एसी नसलेल्या खोलीत दुपारी गेम लावला तर मशीन स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. ते बिघडलेलं नसतं. पंखा नसलेले अतिपातळ लॅपटॉप म्हणूनच मी इथे सुचवत नाही. गादीवर ठेवून वापरू देऊ नका, हवा खालून आत जाते. ॲक्टिव्हावर बॅग पायाशी ठेवण्यापेक्षा पाठीवर बरी. चार्जर लॅपटॉपच्या झाकणाला टेकून ठेवला की खड्ड्यात पडदा तडकतो, तो वेगळ्या कप्प्यात.

आयपॅडचं तुम्ही विचारलंत. चित्रासाठी सुरेख, पण तिच्या बाकीच्या कामांना तो लॅपटॉपची जागा घेत नाही. घेतलाच तर यूएसबी-सीवालं स्वस्त ॲपल पेन्सिल घेऊ नका, त्याला दाब कळत नाही.

जुन्या मालातलाही एक मार्ग आहे. ऑफिसांतून निघालेल्या थिंकपॅड एक्स१ योगा किंवा एक्स१३ योगामध्ये पेन आतच खाचेत ठेवलेलं असतं आणि पडदाही चांगला असतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा विंडोज ११ घेणारा, म्हणजे इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा हवा. बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता बघा. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या. पण आठव्या-नवव्या पिढीत गेमचं ग्राफिक्स दुबळं, मावसभाऊ जिंकत राहील.

पैशांची वाटणी मी अशी करेन: लॅपटॉपला ५७-५८ हजार, पाटीला पाच-सहा हजार, उरलेल्यात माउस आणि पाठीवरची बॅग. बिल जीएसटीचं आणि मुलीच्या किंवा तुमच्या नावावर घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

दिवाळीच्या सेलपर्यंत थांबावं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. थांबू नका. कॉलेज उघडायच्या सुमाराला कंपन्या विद्यार्थ्यांसाठी सवलती देतातच, आणि दिवाळीला जे खूप उतरलेलं दिसतं ते पुष्कळदा एकच पट्टी लावलेलं, ४५ टक्केवालं मॉडेल असतं. पसंत पडलेलं नेमकं मॉडेल, सगळ्या अक्षर-आकड्यांसकट, मला कळवा. त्याच नावाखाली दोन वेगवेगळे पडदे विकले जातात, कुठला येतोय ते बघून सांगतो.